गोळीचा टंच

काचेच्या पेल्यात बाटलीतलं थोडं ओतलं, तांब्याची तार त्यात सोडली आणि पदर नाकाला लावून मी मागे सरले. क्षणभर काहीच झालं नाही. मग तारेभोवती बुडबुडे आले, पाणी हिरवट झालं आणि पेल्यातून तांबडा धूर वर आला.

तेजाब होतं. निव्वळ तेजाब. बाटलीवर जे लिहिलेलं, तेच आत होतं.

आता कुणाला वाटेल, सुटले बाई एकदाची. छे! मला उलट रागच आला. म्हणजे दारू दुसरीकडेच कुठेतरी ठेवली होती आणि मला ती अजून सापडली नव्हती.

"काय चाललंय?"

दुकानाच्या दारात आमचे हे उभे. नाव घ्यायचं तर उत्तम मुळीक. आता घ्यायला हरकत नाही, हे जाऊनही चार वर्षं झाली. तेव्हा मात्र दचकून माझ्या हातातली तार खाली पडली.

"बघतीये," मी म्हटलं.

"तार घालून?"

"व्हय."

"मग काय निघालं?"

"तेजाब."

"मग झालं की!"

"काय झालं? दुसरी बाटली कुठं हाय ते सांगा."

हे आत येऊन गादीवर बसले. हातात किल्ल्यांचा जुडगा होता, तो सारखा किणकिणत होता. मार्गशीर्षातली थंडी, बाहेर लोक शाल गुंडाळून फिरत होते, आणि ह्यांच्या कपाळावर घामाचे थेंब.

"शालन, म्या प्यालो न्हाई."

"सेलमला बी न्हाईच म्हणत होता."

मान खाली घालून बसले. मी पेला उचलला, मागच्या मोरीत ओतला आणि जिना चढून वर आले. खाली दुकान, वर आम्ही दोघं. मूलबाळ नव्हतं. भांडायचं तर एकमेकांशीच, आणि गप्प बसायचं तरी एकमेकांशीच.

विट्याकडची आमची बरीच घरं गलाईच्या धंद्यात. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात घालून त्यातली खोट काढायची आणि चोख सोनं सराफाच्या हातावर ठेवायचं. मालात खरं सोनं किती आणि खोट किती, त्याचं माप म्हणजे टंच. ह्या धंद्यासाठी आमची माणसं पार कुठं कुठं जाऊन बसलीत. माझे थोरले दीर, आबा, सेलमला गेले आणि चांगले बस्तान बसवून राहिले. ह्यांना त्यांनीच तिकडे नेलं. हात इतका चांगला की नुसतं कसोटीवर घासून टंच सांगायचे, आणि काट्यावर तेच निघायचं. तमिळ सराफ ह्यांनाच शोधत यायचे.

आणि त्याच दुकानात हे प्यायला शिकले. वर्षानुवर्षं मला वास आला नाही, कारण तेजाबाच्या वासापुढे दुसरा कुठला वास टिकत नाही. बाटली कुठे ठेवायचे? तेजाबाच्या बाटल्यांच्या रांगेत, तेजाबाच्याच बाटलीत! त्याला हात कोण लावणार? मला कळलं तेव्हा ह्यांचा पाय भट्टीजवळ घसरून पोटरी भाजली होती. आबांनी आम्हाला दोघांना गाडीत घातलं आणि विट्याला आणून सोडलं.

मग मिरजेचं व्यसनमुक्ती केंद्र झालं. तिथून सुटताना डॉक्टरांनी एक पिवळी गोळी दिली होती. दारू सुटली की माणूस घाबराघुबरा होतो, झोप उडते, म्हणून ती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं की गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, समोर उभं राहून खायला लावा, आणि हळूहळू कमी करायच्या, एकदम बंद करायच्या नाहीत. मी मान हलवली. का बंद करायच्या नाहीत, ते विचारलं नाही. दारू बंद झाली हेच माझ्या डोक्यात एवढं भरलं होतं की गोळीकडे कोण बघतंय!

त्याच डॉक्टरांसमोर मी ह्यांना सांगितलं होतं, "परत एक थेंब जरी पोटात गेला तर मी आळसंदला माहेरी जाणार. दुकानाची किल्ली आबांच्या हातात देऊन जाणार. परत बोलवायला यायचं न्हाई."

हे म्हणाले होते, "कबूल."

दिवाळीनंतरचे दिवस खरंच चांगले गेले. सराफ कट्ट्यावरची माणसं ह्यांच्याकडे माल द्यायला लागली, कारण आबांनी सेलमहून फोन करून शब्द टाकला होता. सकाळ-संध्याकाळ मी गोळी हातावर ठेवायची, हे पाणी प्यायचे. मग डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, आता अर्धी करा. मी विळीवर कापायला गेले तर गोळीचा भुगाच झाला.

"आण इकडं," हे म्हणाले, "रतीभर सोनं कापणारा माणूस मी. तुझ्या विळीचं काम हाय व्हय हे?"

खाली जाऊन धारेच्या पात्यानं कापली, सोन्याच्या काट्यावर दोन्ही तुकडे ठेवून बघितले. दोन्ही सारखे. मला तर कौतुक वाटलं. त्या दिवसापासून गोळ्यांचं पाकीट कापायला ह्यांच्याकडे खाली जायचं आणि तुकडे माझ्याकडे वर यायचे. मी तुकडा हातावर ठेवायची, हे तोंडात टाकायचे आणि जिना उतरायचे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सगळं बिघडलं.

आधी झोप गेली. मग कुकरची शिट्टी झाली तरी अंगावर पाल पडल्यासारखे उठून उभे राहायचे. "बंद कर ते!" म्हणून माझ्यावर ओरडायचे. मग हात थरथरायला लागले. वेलदोडे चघळायला लागले, दिवसभर. मी विचारलं तर म्हणाले, "जीभ कडू पडलीये." कडू पडलीये म्हणे! मला काय कळत नव्हतं? वेलदोडे कशासाठी खातात ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

त्यातच दुकानाचं आतलं दार लावून बसायला लागले. मी चहा घेऊन गेले की आतून आवाज यायचा, "ठेव बाहेर."

तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. पिठाचा डबा उपसला. पाण्याच्या टाकीत हात घालून चाचपलं. देव्हाऱ्यामागे बघितलं, देवांची माफी मागून. अंथरुणाच्या घड्या उलगडल्या. काही नाही. म्हणून शेवटी तेजाबाच्या बाटल्यांवर आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. गावच्या कुणाच्या लग्नासाठी सेलमहून गाडी घेऊन आले होते. मी डोक्यावर पदर घेतला, पाणी दिलं, चहा ठेवला. आमच्याकडे थोरल्या दिरापुढे सून तोंड उघडत नाही. विचारलं तर हो-नाही म्हणायचं, तेही जमिनीकडे बघून. इतकी वर्षं मी तेच करत आले होते.

हे वर आले. आबांच्या पाया पडले. समोर बसले. मी चहाचे कप पुढे केले. ह्यांनी कपबशी उचलली आणि कप बशीत खडखड वाजायला लागला. अर्धा चहा बशीत, थोडा धोतरावर. ह्यांनी घाईघाईनं कप खाली ठेवला.

"गार झाल्यावर पितो," हे म्हणाले.

आबा बघत राहिले. हे उठले, "भट्टी पेटवायचीये" म्हणाले आणि खाली गेले. जिन्यावर एक पायरी चुकली, हात भिंतीला टेकवून सावरले.

"शालन," आबा म्हणाले, "हात बघितलास?"

मी मान हलवली.

"कधीपासनं?"

"आठवडा झाला."

"आणि तू मला कळवलं न्हाईस?"

काय कळवणार? बाटली सापडली नव्हती. वास आला नव्हता. नुसता संशय कळवायचा असतो का? पण हे सगळं मी मनात म्हटलं.

"मी त्याला पोटच्या पोरागत सांभाळला," आबा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. वाईट माणूस नव्हते ते, कुणी तसं समजू नये. "कट्ट्यावर सराफांना मी शब्द दिलाय, माझा भाऊ सुधारलाय म्हणून. लोकांचं सोनं त्याच्या मुशीत जातंय. उद्या ह्या असल्या हातातनं मूस सांडली तर? जेवण झालं की किल्ली माझ्याकडं दे. त्याला मी मिरजेला परत नेऊन घालतो. तू आळसंदला जा चार महिने."

"व्हय," मी म्हटलं.

आणि चुलीकडे वळले. भाकरी थापायला बसले. संपलं बाई, मी स्वतःशी म्हटलं. मी जे म्हणाले होते ते करायची वेळ आली. डोळ्यांतून पाणी परातीत पडत होतं आणि मी पीठ मळत होते. संताप म्हणू की दुःख? दोन्ही. थोडं हायसंही वाटत होतं, खोटं कशाला बोलू. रोज संशय घेऊन घेऊन मी दमले होते.

तेवढ्यात खालून वास आला. तेजाबाचा नव्हे, कोळशाचाही नव्हे. साखर करपल्यासारखा गोड जळका वास.

माझे हात पिठातच थांबले. साखर? गूळ? भट्टीवर? माझ्या डोळ्यांपुढे हातभट्टीच उभी राहिली. अरे देवा, म्हणजे बाटली सापडत नव्हती ती ह्यामुळे! हा माणूस घरातच गाळत होता की काय? सोनं गाळणाऱ्याला दारू गाळायला कितीसं अवघड!

पिठाच्या हातानंच जिना उतरले. आतल्या दाराला कडी. दार बडवलं.

"उघडा!"

"काम चाललंय."

"काय काम चाललंय ते मला बघायचंय. उघडा, न्हाईतर आबांना बोलावते."

कडी निघाली. मी आत घुसले. भट्टीवर एक लहान मूस होती, त्यात काळं काहीतरी फसफसून फुगलेलं. बाजूला काचेच्या दोन बशा, एकीत तेजाब आणि तळाशी पांढरा गाळ. काट्याच्या पारड्यात, जिथं सोनं ठेवतात तिथं, पिवळे तुकडे.

गोळीचे तुकडे. मी ह्यांच्या हातावर रोज ठेवत होते ते.

"हे काय?"

"बस," हे म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते, ओठ कोरडे पडले होते. "बस आणि बघ. तुला बी फसवलंय, मला बी फसवलंय."

"कुणी?"

"त्या मिरजेच्या डॉक्टरानं. न्हाईतर तू बी त्याला सामील असशील. आधी मला वाटत होतं तूच गोळ्या बदलल्यास."

"मी? मी बदलल्या?"

"पाकिटावर काय लिवलंय बघ. अर्धा मिलिग्रॅम. आता गोळी काट्यावर घालून बघ." त्यांनी पारड्यातले तुकडे बाजूला सारले आणि एक अख्खी गोळी टाकली. काट्यावरचे आकडे लाल चमकले. "एकशे चाळीस मिलिग्रॅम! एकशे चाळिसात माल किती? अर्धा! हजारात साडेतीन टंच पडतो, शालन, साडेतीन! असला माल घिऊन कुणी आपल्या दारात आला तर त्याला हाकलून देऊ आपण. तेजाबात घातली, खाली खडू राहिला. मुशीत जाळली, नुसता कोळसा. ह्यात औषध न्हाईच. खडू हाय ह्यो, वरनं पिवळा रंग. आणि मी खुळ्यागत खडू खाऊन बरं वाटतंय म्हणत होतो!"

"तुमी गोळी खात न्हाई?"

"खडू कशाला खाऊ? जिभेखाली धरतो आणि हितं आणून थुकतो. आठवड्याच्या वर झालं. बघ, काय झालं मला? दारू बी न्हाई, गोळी बी न्हाई!"

काय झालं मला, असं तो माणूस विचारत होता आणि त्याचे दात वाजत होते.

मला राग आला की तिडीक गेली डोक्यात, सांगता येत नाही. मी असल्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या होत्या. सेलमला एकदा म्हणाले होते की तमिळ सराफानं खोकल्याचं औषध पाजलं म्हणून तोल जातोय. एकदा म्हणाले होते की भट्टीच्या धुरानं चक्कर येते. आता ही नवीन कथा, काटा बिटा लावून, टंच काढून!

"बास करा," मी ओरडले. "हात दारूनं कापतायत. गोळीचं नाव कशाला घेता? गोळीत माल न्हाई म्हणता, मग ती न खाल्ल्यानं हात कसे कापतील? तुमच्याच तोंडानं तुमी पकडले गेला."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. खरंच विचारात पडले. त्यांना हा प्रश्न पडलाच नव्हता, असं त्यांच्या तोंडावर दिसलं.

"मग कशानं कापतायत?" हे हळू म्हणाले.

आणि पडले. आधी मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, आणि अख्खं शरीर ताठ होऊन गादीवरून फरशीवर आलं. हातपाय आपटायला लागले. तोंडातून फेस. भट्टीपासून हातभर अंतर होतं. मी काखेत धरून ओढलं, डोकं मांडीवर घेतलं, आणि वाकून आधी काय केलं तर तोंडाचा वास घेतला.

वेलदोड्यांचा वास. तेजाबाचा वास. जळक्या साखरेचा वास. दारूचा होता की नव्हता, मला सांगता आलं नाही.

"आबा!" मी किंचाळले. "आबा, खाली या!"

आबांच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. झटका थांबला होता, पण हे शुद्धीवर नव्हते. तिथं पलंगावर ठेवतायत न ठेवतायत तोच दुसरा झटका आला, पहिल्यापेक्षा मोठा. दोन माणसांनी धरून ठेवलं. डॉक्टरीण तरुण होती, केस मागे घट्ट बांधलेले. तिनं ह्यांचे डोळे बघितले, नाडी बघितली.

"आधी कधी फिट आली होती?"

"न्हाई."

"दारू?"

आबाच बोलले, "पितो, डॉक्टर. बारा-पंधरा वर्षं पितोय. मिरजेला ठेवला होता, पण परत सुरू झालंय. आठवडाभर हात कापतायत. आज सकाळी जिन्यावरनं पडता पडता राहिला."

"आज प्यायलेत?"

"प्यालाय."

डॉक्टरीण थांबली. नर्सच्या हातात इंजेक्शन तयार होतं, ते तिनं हातानंच थांबवलं.

"हे बघा," ती म्हणाली, "झटका थांबायला हे इंजेक्शन द्यावं लागेल, आणि बऱ्यापैकी द्यावं लागेल. पण पोटात भरपूर दारू असेल तर ह्यानं श्वास बंद पडू शकतो. आमच्याकडे श्वासाचं मशीन नाही. प्यायलेले असतील तर मी थोडंच देऊन सांगलीला पाठवते. पण वाटेत असेच झटके येत राहिले तर काय होईल ते सांगता येत नाही. नक्की सांगा, आज प्यायलेत का?"

"प्यालाय," आबा परत म्हणाले. "मी सांगतोय न्हवं? थोरला भाऊ हाय मी त्याचा."

ह्यांचे पाय पलंगाच्या लोखंडावर आपटत होते. ठण, ठण, ठण. जीभ चावली गेली होती, हनुवटीवर रक्त. मी पदर तोंडात धरून भिंतीला टेकून उभी होते. दोन्ही हातांवर सकाळचं पीठ वाळलेलं.

बाटली सापडली नव्हती. पण बाटली सापडली नाही म्हणजे प्यायले नाहीत, असं थोडंच? सेलमला सुद्धा सापडली नव्हती. वास आला नव्हता. वास तर कधीच आला नव्हता. तो काटा, ते टंचाचं गणित, हे सगळं खोटं असेल तर? आणि खरं असेल तर?

"न्हाई प्याले," मी म्हटलं.

आबा वळले. "काय?"

माझा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता. तो सारखा करायलाही हात गेला नाही.

"ह्यांनी दारू न्हाई घेतली. मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद केली. पिवळी, अर्ध्या मिलिग्रॅमची. एकदम बंद केली, आठवड्याच्या वर झालं. मला न सांगता."

डॉक्टरिणीचे डोळे बारीक झाले. "एकदम? कमी करत करत नाही?"

"एकदम."

"शालन," आबा म्हणाले, "तुला काय ठाऊक? आठवडाभर हात कापतायत म्हणून तूच सांगितलंस आणि…"

"आबा, तुमी गप बसा!"

अख्ख्या जन्मात त्यांना असं कुणी म्हटलं नसेल, आणि मी तर नाहीच. ते खरंच गप्प बसले. खाली खुर्चीवर बसले, डोकं हातात धरलं.

डॉक्टरीण माझ्याजवळ आली. "ताई, तुमची खात्री आहे? खात्री असेल तरच सांगा."

"खात्री हाय," मी म्हटलं.

तिनं नर्सला मान हलवली. सुई आत गेली. मी ह्यांच्या छातीकडे बघत राहिले. पाय आपटायचे थांबले. हात सैल पडले. छाती वर आली, खाली गेली. मग जरा वेळ काही नाही. मग परत वर आली. खाली गेली. वर आली.

रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी आला. दारू नव्हती, टिपूसही नव्हता. डॉक्टरिणीनं मिरजेला फोन लावून सगळं विचारून घेतलं आणि मग ती पलंगाशी येऊन ह्यांना रागावली. हे जागे झाले होते, जीभ सुजलेली, बोबडं बोलत होते.

"एवढी जोखमीची गोळी अशी बंद करतात का? मरायला टेकला होतात तुम्ही."

"पण त्यात माल कुठं हाय?" हे म्हणाले. तशा अवस्थेतसुद्धा! "बाकीचं एकशे साडेएकोणचाळीस काय हाय मग?"

आधी तिला कळेचना. मी सगळं सांगितलं तेव्हा ती हसावं की रडावं अशी बघत राहिली. मग म्हणाली, "काका, बाकीची सगळी पिठी असते, साखरेसारखी. औषध तेवढंच, अर्धा मिलिग्रॅम. नुसतं तेवढं दिलं तर तुम्हाला चिमटीत तरी धरता येईल का? दिसणारसुद्धा नाही. म्हणून पिठीत मिसळून गोळी करतात. आणि तेवढ्यानंच तुमचं डोकं शांत राहत होतं. ते एकदम काढून घेतलंत, मग डोकं पेटणारच."

ह्यांनी रिकामी चिमूट डोळ्यांपुढे धरून बघितली.

"म्हणजे लई कडक माल हाय," शेवटी म्हणाले.

"फार कडक आहे," ती म्हणाली. "आता परत सुरू करायची, आणि माझ्या नाहीतर त्यांच्या सांगण्याशिवाय एक कणसुद्धा कमी करायचा नाही. महिने लागतील. लागू देत."

महिने लागलेच. पुढचा आषाढ आला तेव्हा गोळी सुटली, आणि तोवर आमच्या घरात त्या गोळीवरून बारा भानगडी झाल्या. ते असो. मला सांगायचंय ते त्या सकाळचं.

डॉक्टरीण गेली. आबा चहा आणायला खाली गेले होते. रात्रभर ते बाहेरच्या बाकड्यावर बसून होते, माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. हे माझ्याकडे वळले.

"आबा काय म्हणाला काल?"

"प्यालाय म्हणाले."

"आणि तू?"

"न्हाई म्हणाले."

"नर्स सांगत होती, सुईच्या आधी विचारलं तुला. खात्री हाय म्हणालीस."

"म्हणाले."

"मग दुकानात मला खोटं ठरवत होतीस ते? बाटल्या शोधत होतीस ते? पडलो तवा तुला पटलं व्हय?"

मी खोटं बोलू शकले असते. बोलायला काय लागतं? बोलले असते तर तेवढंच त्या माणसाला गोड वाटलं असतं.

"न्हाई पटलं," मी म्हटलं. "तवा बी न्हाई. सुई देईस्तवर न्हाई."

"मग?"

"तुमी प्याला असता तर त्या सुईनं गेला असता. प्याला नसता आणि मी गप बसले असते तर बिनसुईचं गेला असता. दोन्हीकडनं मरणच. मग म्हटलं, जायचंच असलं तर खरं बोलणारा माणूस म्हणून जाऊ देत."

ह्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे वाहत गेलं, ते त्यांनी पुसलं नाही. मीही पुसलं नाही. बाहेर कुणाचं तरी बाळ रडत होतं आणि नर्स कुणावर तरी खेकसत होती.

"माझ्यावर भरवसा ठेवून म्हणाली असतीस," हे म्हणाले, "तर लई बरं वाटलं असतं."

"मला बी," मी म्हटलं.

हे थोडे भिंतीकडे सरकले. अंगात ताकद नव्हती, तरी कोपरावर जोर देऊन सरकले.

"बस हितं," म्हणाले, "रात्रभर उभी हाईस."

मी बसले.